मूळ चीज कुणाची, तेवढी एक ओळ लिहा

मराठी आणि हिंदी चित्रपटांचे संगीतकार, निर्माते आणि गाणी प्रकाशित करणाऱ्या संगीत कंपन्या यांस,

सप्रेम नमस्कार.

मी मिरजेत गाण्याचा क्लास घेते. जिथे तंबोरे घडतात त्या गावात गाणं शिकवायला मिळणं हे भाग्य, आणि गेली २६ वर्षं ते मला लाभलं आहे. पाऊस लागला की मी मोठ्या मुलींना मियाँमल्हारातली 'बोले रे पपीहरा, अब घन गरजे' ही चीज, म्हणजे रागात बांधलेली बंदिश, शिकवते. यंदाही शिकवत होते. एका मुलीची आजी तिला सोडायला येते आणि तास संपेपर्यंत दाराजवळच्या खुर्चीवर बसून राहते. मुखडा दोनदा झाला आणि आजींनी तिथूनच पुढची ओळ धरली, 'नित घन बरसे, नित मन प्यासा'. सूर जागच्या जागी. मग म्हणाल्या, "अहो बाई, हे 'गुड्डी'तलं ना? वाणी जयरामचं. शब्द तेवढे तुम्ही वेगळे घेताय."

मला किती आनंद झाला ते सांगता येणार नाही. 'गुड्डी' १९७१चा. आजी कुठल्याही क्लासला गेलेल्या नाहीत, कुणापुढे तंबोरा घेऊन बसलेल्या नाहीत. तरी कोमल निषाद, धैवत, शुद्ध निषाद आणि षड्ज ही मियाँमल्हाराची खूण त्यांच्या गळ्यात ५० वर्षांहून जास्त काळ टिकून होती. आमच्या विशारदच्या मुलींना ती जागा साधायला दोन-दोन महिने लागतात. हे काम कुडाळजवळच्या सोनवड्याच्या वसंत देसाईंनी केलं. शब्द गुलजारांचे, पण सुरुवातीची हाक आणि तिच्यामागची चाल आली ती जुन्या चीजेतून. सिनेमाने ती उचलली नसती, तर त्या घरात मियाँमल्हार कधीच पोचला नसता.

घरी निघताना नातीने विचारलं, "मग हे गाण्याखाली लिहिलेलं का नसतं?" फोनवर गाणं लावलं की खाली गायक, संगीतकार आणि गीतकार दिसतो, आणि तिचं सगळं ज्ञान तिथून येतं. तिच्या त्या प्रश्नासाठी मी हे पत्र लिहिते आहे.

आधीच सांगते, शास्त्रीय संगीतातून सिनेमाने घेऊ नये असं माझं मुळीच म्हणणं नाही. घ्यावं, खूप घ्यावं. तुम्ही घेतलंत म्हणून माझ्यासारखीच्या क्लासला मुलं येतात. 'चोरी' हा शब्द या पत्रात मी कुणाला लावणार नाही. आमच्याकडेही सगळं आकाशातून पडलेलं नाही. ठुमरी, कजरी, चैती गावोगावच्या बायकांच्या तोंडून आल्या, ख्यालाने धृपदाकडून घेतलं, आणि मराठी नाट्यसंगीत तर घेण्यातूनच उभं राहिलं.

या नाट्यसंगीताकडे तुमचं लक्ष वेधायचं आहे, कारण माझी मागणी तिथली आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' १८८० साली रंगमंचावर आलं, 'सौभद्र' १८८२ साली. त्यांतली पदं बहुतेक आधी अस्तित्वात असलेल्या चालींवर बांधलेली आहेत. साकी, दिंडी, कीर्तनातल्या चाली, लावण्या, कानडी मुलखातल्या चाली, जे कानाला गोड लागलं ते अण्णासाहेबांनी घेतलं. पण संगीत नाटकाचं जुनं पुस्तक उघडून बघा. पदाच्या डोक्यावर राग असतो, ताल असतो आणि कंसात 'चाल' म्हणून मूळ गाण्याची पहिली ओळ असते. दोन आण्याच्या पुस्तकात, बारीक टाइपात, जागा नसताना ती ओळ छापलेली असे. त्यामुळे अण्णासाहेब कुणालाही लहान वाटले नाहीत. उलट गावोगावची हार्मोनियमवाली मंडळी त्या एका ओळीवरून मूळ चीज शोधत जात.

पुढे भास्करबुवा बखले आले. फैज महंमद खाँ, नथ्थन खाँ, अल्लादिया खाँ अशा तीन थोरांकडे शिकलेला माणूस. १९१६च्या 'स्वयंवर'ला त्यांनी चाली दिल्या आणि घराण्याघराण्यांत बंद असलेली रागदारी तिकीट काढून बसलेल्या प्रेक्षकाला ऐकू आली. १९१९च्या 'एकच प्याला'च्या चालींमागे सुंदराबाई होत्या. गझल, दादरा, लावणी, पूरब अंगाचं गाणं त्यांच्या गळ्यात होतं, आणि त्यातून बालगंधर्वांच्या सिंधूला तिचं रडणं मिळालं. सुंदराबाईंचं नाव त्या नाटकाबरोबर आजही घेतलं जातं. त्या काळात एका गाणाऱ्या बाईचं नाव राहावं ही लहान गोष्ट नव्हती.

म्हणजे परंपरा घेण्याची आहे आणि सांगण्याचीही आहे. त्यातली घेण्याची तेवढी सिनेमापर्यंत पोचली.

आता 'राग सगळ्यांचा असतो' हे उत्तर मला हमखास मिळणार, म्हणून त्याबद्दल थोडं सविस्तर. राग सगळ्यांचा असतो, अगदी खरं. यमन कुणाच्या बापाचा नाही. मदनमोहनांचं 'जिया ले गयो जी मोरा साँवरिया' यमन, कल्याणजी-आनंदजींचं 'चंदन सा बदन' यमन, आपल्या बाबूजींचं, सुधीर फडक्यांचं, 'तोच चंद्रमा नभात' यमन, आणि 'स्वयंवर'मधलं 'नाथ हा माझा'ही यमनच. चारही शेजारीशेजारी ठेवून ऐका. एकाची चाल दुसऱ्यासारखी नाही. मदनमोहनांनी यमनात जे बांधलं ते त्यांचं, फडक्यांनी बांधलं ते फडक्यांचं. इथे कुणी कुणाचं नाव लिहायची गरज नाही. राग लिहिला तर ऐकणाऱ्याला मदत होते, नाही लिहिला तरी कुणावर अन्याय होत नाही.

चीज वेगळी. चीजेत राग असतो, पण त्याशिवाय एका माणसाने केलेल्या निवडी असतात. मुखडा कितव्या मात्रेवरून उचलायचा, सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठल्या अक्षरावर आणायची, स्थायी हा पहिला भाग कुठे वळवायचा, अंतरा हा दुसरा भाग तार षड्जावर कसा नेऊन ठेवायचा, शब्दातलं कुठलं अक्षर लांबवायचं. रागाचे नियम पाळून अशा हजार चीजा होऊ शकतात, आणि त्यांतली एकच त्या माणसाला सुचते. आमच्याकडे चीज 'बांधतात', घर बांधावं तशी. ज्याने बांधली तो तिचा कर्ता. चित्रपटातलं गाणं त्या बांधणीवर उभं राहतं, तेव्हा त्याने नुसता राग घेतला असं म्हणता येत नाही.

माझ्या आवडीची काही उदाहरणं सांगते. ही सगळी गाणी मला प्राणप्रिय आहेत.

गौडमल्हारात 'गरजत बरसत भीजत आई लो' ही जुनी चीज आहे. रोशन यांनी १९५१च्या 'मल्हार'मध्ये लताबाईंकडून ती जवळजवळ जशीच्या तशी गाऊन घेतली. मग ९ वर्षांनी 'बरसात की रात'मध्ये त्यांनीच तो मुखडा पुन्हा घेतला, तेव्हा तो 'गरजत बरसत सावन आयो रे' झाला आणि पुढचे शब्द नवे आले. सुमन कल्याणपूर आणि कमल बारोट यांच्या आवाजातलं ते गाणं पावसाळ्यात आजही रेडिओवर लागतं. चीजेपासून गाण्यापर्यंतचा सगळा प्रवास एकाच संगीतकाराच्या हातून झालेला इथे दिसतो. पहिल्यांदा चीज ओळखू येते, दुसऱ्यांदा ती गाण्यात मुरलेली असते. वर्गात शिकवायला याहून सुंदर उदाहरण मला सापडलेलं नाही. मी तिन्ही लागोपाठ ऐकवते आणि मुलींचे चेहरे बघत बसते.

'परिवार'मधलं (१९५६) सलील चौधरींचं 'जा तोसे नहीं बोलूँ कन्हैया' घ्या. राग हंसध्वनी. त्या गाण्यामागे 'लागी लगन पति सखी संग' ही बंदिश उभी आहे. ती बांधली भेंडीबाजार घराण्याच्या उस्ताद अमान अली खाँसाहेबांनी. मुंबईच्या भेंडीबाजारात राहणारा हा कलावंत कर्नाटक संगीताकडे ओढला गेला आणि दक्षिणेचा हंसध्वनी आपल्या ख्यालात रुजवण्यात त्याचा मोठा वाटा आहे. लताबाईही काही काळ त्यांच्याकडे शिकल्या. अमीर खाँसाहेबांनी ही बंदिश गाऊन घरोघरी नेली. एका गाण्यात मुंबई, दक्षिण आणि बंगाल असे एकत्र आले आहेत, आणि ते ऐकणाऱ्या शंभरातल्या एकालाही अमान अली खाँ हे नाव ठाऊक नसतं. मुंबईत, त्यांच्या स्वतःच्या शहरात, ठाऊक नसतं.

मन्ना डे यांनी गायलेली दोन गाणी आहेत. 'मंझिल'मधलं (१९६०) 'हटो काहे को झूठी बनाओ बतियाँ' ऐकलं की आग्र्याच्या फैयाज खाँसाहेबांची भैरवी आठवते. 'दूज का चाँद'मधलं (१९६४) 'फुल गेंदवा ना मारो' ऐकलं की बनारसच्या रसूलनबाई. पडद्यावर हे दुसरं गाणं विनोदी प्रसंगात येतं, आगा यांच्या तोंडी. मन्नादांनी ते असं गायलं आहे की हसताहसता माणूस गप्प होतो. पण रसूलनबाईंच्या ध्वनिमुद्रिकेत 'लगत करेजवा में चोट' हे शब्द येतात तेव्हा ती चोट खरी असते. एका आयुष्याचं गाणं त्यात आहे. सिनेमाचं गाणं लाखांनी ऐकलं, रसूलनबाईंचं किती जणांनी? गाण्याखाली त्यांचं नाव असतं तर त्या लाखांतले हजार तरी तिकडे वळले असते. ऐकणाऱ्यांचं हे नुकसान मला जास्त लागतं.

'स्वामी'मधलं (१९७७) 'का करूँ सजनी, आए न बालम' सांगितल्याशिवाय राहवत नाही. येसुदासांचा तो आवाज! ठुमरी बडे गुलाम अली खाँसाहेबांची. इथे मुखड्याचे शब्दही तेच आहेत.

या गाण्यांच्या तबकड्यांवर तेव्हा काय छापलं होतं, याचा जाब मी आज मागत नाही. तबकडीची चकती तळहाताएवढी, तिच्यावर मावणार किती? आणि त्या काळचे संगीतकार चीजेबरोबर ती गाणाऱ्यालाही मान देत. 'बैजू बावरा'त नौशादसाहेबांनी अमीर खाँ आणि द. वि. पलुस्करांना गायला बसवलं. 'झनक झनक पायल बाजे'त वसंत देसाईंनी शीर्षकगीतासाठी अडाणा रागात अमीर खाँसाहेबांचा आवाज घेतला. 'मुगल-ए-आझम'मध्ये 'प्रेम जोगन बन के' गायला खुद्द बडे गुलाम अली आले. ज्याचं गाणं त्याचाच गळा, मग पाटी लिहायची गरज कमी उरते. आज मूळ गाणारा बहुतेक वेळा स्टुडिओत नसतो. त्याची फोनवर मुद्रित केलेली चीज तेवढी असते.

इथे मला आमच्या बाईंची गोष्ट सांगायची आहे.

मी ज्यांच्याकडे शिकले त्या बाई मैफलीत फारशा बसल्या नाहीत. शिकवत राहिल्या. त्यांच्याकडे लाल कापडी बांधणीची, वाण्याच्या दुकानात असते तसली लांब वही आहे. पानागणिक एक चीज. मध्ये स्वरलेखन, आणि प्रत्येक पानाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत एक ओळ. 'बुवांकडून, कोल्हापूर, श्रावण.' 'अमुक खाँसाहेबांची, बुवांना त्यांच्या भाच्याकडून.' 'ऐकून लिहिली, अंतरा खात्रीचा नाही.' एकही पान या ओळीशिवाय नाही. आम्ही उतरवून घेत असू तेव्हा एखादीने कोपऱ्यातली ओळ सोडली तर बाई पान पुन्हा लिहायला लावत.

काही वर्षांपूर्वी एका संगीतकाराचा साहाय्यक त्यांच्याकडे आला. मुलगा नम्र होता, पाया पडला, दोन तास बसला. बाईंनी त्याला आपल्या बुवांनी बांधलेली एक चीज दिली, दोनदा गाऊन दाखवली, अंतऱ्यासकट. त्याने फोनवर मुद्रित केली. वर्षभराने बाई एका लग्नाला गेल्या आणि तिथे ती लाउडस्पीकरवर लागली. स्थायी तीच, सम त्याच अक्षरावर, अंतरा मात्र वेगळा, नव्या शब्दांचा. मला वाटलं बाई चिडतील. त्या घरी येऊन बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग एवढंच म्हणाल्या, "अंतरा गाळला गं त्यांनी. अंतऱ्यात बुवांचं नाव होतं."

त्यांचं स्वतःचं नाव कुठे आलं नाही, याबद्दल त्या त्या दिवशी बोलल्या नाहीत आणि नंतरही कधी बोलल्या नाहीत.

संगीतकारांनो, तुम्हाला हे माहीत आहे, पण निर्मात्यांना आणि कंपन्यांतल्या लोकांना कदाचित माहीत नसेल, म्हणून लिहिते. आमच्या चीजांत कर्त्याची सही असते. तिला मुद्रा म्हणतात, आणि ती बहुधा अंतऱ्यात येते. 'सदारंग', 'अदारंग' ही नावं ३०० वर्षांपासून आपण गातो आहोत. फैयाज खाँसाहेब 'प्रेमपिया' लिहीत, बडे गुलाम अली 'सबरंग', पंडित भातखंडे 'चतुर', जगन्नाथबुवा पुरोहित 'गुणिदास', सी. आर. व्यास 'गुणिजान', रामाश्रय झा 'रामरंग'. छापखाना, तबकडी, रॉयल्टी यांतलं काहीच नव्हतं तेव्हा कलावंताने आपलं नाव जपायची ही व्यवस्था केली, नाव गाण्यातच विणून टाकलं. गाणारा दिल्लीचा असो की धारवाडचा, अंतरा म्हटला की कर्त्याचं नाव त्याला घ्यावंच लागतं. शेकडो वर्षं ही व्यवस्था चालली.

सिनेमा स्थायी घेतो आणि अंतरा नवा लिहितो. त्याची कारणं मला समजतात. प्रसंगाला शब्द हवे असतात, नायिकेच्या तोंडी तीन शतकांपूर्वीच्या बादशहाची स्तुती शोभत नाही. पण अंतरा गेला की सही जाते. कापडाचा काठ कापावा आणि विणकराचं नाव नेमकं काठावर असावं, तसं हे होतं. म्हणून काठ कापलात तर नाव दुसरीकडे कुठेतरी लिहा, एवढंच मागणं आहे.

आता कायद्याचं. कायद्याच्या भीतीने नाव लिहिलं जात नाही, अशी माझी समजूत आहे. नाव लिहिलं की कुणीतरी पैसे मागायला येईल, असं वाटतं. ही भीती खोटी नाही. 'पोन्नियिन सेल्वन २' या २०२३च्या चित्रपटातल्या एका गाण्यावरून दिल्ली उच्च न्यायालयात चाललेला वाद तुम्ही सगळ्यांनी वाचला असेल. उस्ताद फैयाज वासिफुद्दीन डागर यांचं म्हणणं असं की, ए. आर. रहमान यांचं ते गाणं त्यांचे वडील नासिर फैयाजुद्दीन आणि काका झहिरुद्दीन डागर यांच्या अडाण्यातल्या 'शिवस्तुती'वर उभं आहे. गाण्याच्या श्रेयात डागरवाणी धृपद परंपरेचा उल्लेख होता, डागर बंधूंची नावं नव्हती. एप्रिल २०२५ मध्ये एकल न्यायाधीशांनी अंतरिम आदेश दिला की डागर बंधूंची नावं श्रेयात घाला आणि २ कोटी रुपये न्यायालयात जमा करा. सप्टेंबर २०२५ मध्ये खंडपीठाने तो आदेश रद्द केला. ती रचना डागर बंधूंनी गायली हे दिसतं, पण त्यांनीच बांधली याचा पुरावा प्रथमदर्शनी पुरेसा नाही, असा त्याचा गाभा.

त्या वादात कोण बरोबर, हे सांगण्याचा मला अधिकार नाही. पण खंडपीठाचं म्हणणं वाचताना मला बाईंच्या वहीतला कोपरा दिसत होता. तोंडी विद्येत पुरावा आणायचा कुठून? गुरूने समोर बसवून दिलं, शिष्याने घेतलं, मध्ये कागद नाही. आपल्या १९५७च्या प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्यात १९९४पर्यंत सांगीतिक रचनेची व्याख्याच लिहिलेल्या, छापलेल्या संगीतापुरती होती. ज्या देशातलं बहुतेक संगीत कधी लिहिलं गेलं नाही, तिथे ही व्याख्या! १९९४च्या दुरुस्तीने ती अट गेली, पण सवय गेली नाही. आणि चित्रपटाची श्रेयनामावली हा तर पक्का कागद. आज तुम्ही त्यावर मूळ चीज लिहिली नाहीत, तर ५० वर्षांनी तेवढा एकच कागद उरलेला असेल आणि त्यानुसार ती चाल तुमची ठरेल. तुमची तशी इच्छा नसली तरीही.

नाव आणि पैसा या दोन गोष्टी वेगळ्या करून बघा, म्हणजे भीती बरीच कमी होईल. सर्वसाधारणपणे कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी प्रताधिकार संपतो. फैयाज खाँसाहेब १९५० साली गेले, अमान अली खाँ १९५३ साली. त्यांच्या चीजांसाठी आज कुणाला पैसे द्यायचे नाहीत. सदारंग-अदारंगांचा तर प्रश्नच नाही. तिथे नाव लिहायला दमडी पडत नाही. पण जगन्नाथबुवा १९६८ साली गेले. त्यांच्या चीजांवरचा हक्क २०२८ अखेरपर्यंत आहे. कुमार गंधर्व १९९२ साली गेले, त्यांच्या रचनांचा २०५२ अखेरपर्यंत. 'गुणिजान' व्यासबुवा तर २००२ साली गेले. अशांच्या बाबतीत परवानगी घ्या, मोबदला द्या, दुसऱ्या संगीतकाराचं गाणं वापरताना देता तसाच. नाव सांगण्याचा हक्क कर्त्याने रचना विकली तरी त्याच्याकडे राहतो, कलम ५७ हेच सांगतं. चीजेला गाण्यापेक्षा कमी का लेखायचं?

'पारंपरिक' हा शब्द लिहून सुटका करून घ्यायची पद्धतही आता रुळली आहे. जिथे कर्ता खरोखरच काळाच्या ओघात हरवला, तिथे हा शब्द योग्य आहे आणि तोसुद्धा लिहिला तर मी आभार मानीन. पण चौकशी न करता लिहिलेलं 'पारंपरिक' हे नाव पुसण्याचं दुसरं साधन होतं. भातखंड्यांनी आयुष्य वेचून खाँसाहेबांकडून, बुवांकडून शेकडो चीजा मिळवल्या आणि 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत स्वरलिपीसह छापल्या, मूळ मराठीत. 'आमची विद्या बाहेर गेली' म्हणून तेव्हा कितीतरी जण त्यांच्यावर रागावले. ती पुस्तकं आजही मिळतात. एखादी चीज घेतलीत, तर स्टुडिओतल्या एखाद्या मुलाला अर्धा दिवस त्या पुस्तकांत बसवा. नाहीच सापडली, तर जिच्याकडून ऐकली तिला विचारा. गवयांच्या घरांत या गोष्टी लक्षात ठेवलेल्या असतात.

आपल्याकडे हे जमत नाही असंही नाही. 'कट्यार काळजात घुसली' १९६७ साली रंगमंचावर आलं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं. २०१५ साली त्याचा चित्रपट झाला तेव्हा शंकर-एहसान-लॉय यांनी नवी गाणी केली, अभिषेकीबुवांच्या चाली ठेवल्या आणि श्रेयात त्यांचं नावही ठेवलं. त्याने नव्या संगीतकारांचं काय कमी झालं? माझ्या क्लासमध्ये त्या वर्षी १४ नवी मुलं आली, आणि त्यातल्या कितीतरी जणांनी घरी जाऊन बुवांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांचा फडशा पाडला.

तर मागणी अशी. ज्या गाण्याचा मुखडा, स्थायी किंवा शब्द एखाद्या चीजेतून, ठुमरीतून, दादऱ्यातून घेतले असतील, त्या गाण्याच्या श्रेयात संगीतकार आणि गीतकार यांच्याखाली 'मूळ चीज' अशी एक ओळ घाला. तिच्यात चीजेचे पहिले शब्द, राग, कर्ता, आणि कर्ता सापडत नसेल तर ती कुणाकडून मिळाली ते नाव. चित्रपटाच्या शेवटी पळणाऱ्या पाट्यांत ती असावीच, पण तिथे ती कुणी वाचत नाही. फोनवर गाण्याखाली जी माहिती दिसते ती कंपन्याच भरून देतात. तिथे ती ओळ हवी, कारण माझ्या विद्यार्थिनी तिथे बघतात. जुन्या गाण्यांच्या बाबतीतही हे आज करता येईल. तबकडीची चकती लहान होती, फोनच्या पडद्यावर जागेची अडचण नाही. 'गरजत बरसत सावन आयो रे'खाली 'मूळ चीज : गरजत बरसत भीजत आई लो, गौडमल्हार' एवढं लिहायला किती वेळ लागेल?

मराठी निर्मात्यांनी पुढाकार घ्यावा असं मला वाटतं. आपल्या भाषेत हा रिवाज होताच. पदाच्या डोक्यावरची 'चाल' आपण सिनेमात आणायची विसरलो, ती परत आणायची आहे.

बाई आता ८४ वर्षांच्या आहेत, ऐकू कमी येतं. वही त्यांनी माझ्याकडे दिली आहे. तीत ३१२ चीजा आहेत, त्यांतल्या कितीतरी मी दुसऱ्या कुणाकडून कधी ऐकलेल्या नाहीत, आणि काही इतक्या गोड आहेत की त्या गाणी होऊन लाखो लोकांपर्यंत गेल्या तर मला आणि बाईंनाही आनंदच होईल. तुमच्यापैकी कुणीही मिरजेला या. मी गाऊन दाखवीन, मुद्रित करू देईन, स्वरलेखन उतरवून देईन, पैसे घेणार नाही. फक्त पान उतरवताना वरच्या उजव्या कोपऱ्यातली ओळही उतरवून न्यावी लागेल.

आपली,
एक गायन-शिक्षिका
मिरज